न ऐकू येणारी खरखर

भिवंडीतल्या सोनोग्राफी केंद्रांमध्ये एक वाक्य मी गेल्या काही वर्षांत वारंवार ऐकलं आहे : ‘आमच्याकडे स्क्रीनवर रेघा येतात, कारण आजूबाजूला लूम आहेत.’ डॉक्टर ते म्हणतात, तंत्रज्ञ म्हणतात, यंत्र दुरुस्तीला येणारेही म्हणतात. वाक्य पटण्यासारखं आहे. या शहरात यंत्रमाग लाखांच्या हिशेबात मोजले जातात. अनेक दवाखान्यांची मागची भिंत मागाच्या शेडला लागून असते आणि तिच्यावर हात ठेवला तर कंप जाणवतो. एवढा गोंगाट शेजारी असताना नाजूक यंत्राला त्रास झाला, तर दोष त्या गोंगाटाचाच असं कुणालाही वाटेल.

हा लेख म्हणजे त्या वाक्याची तपासणी आहे. माझ्याकडे अभियांत्रिकीची पदवी नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात बसला, पुढे लाउडस्पीकर, यूपीएस, अर्थिंग अशी कामं करत गेलो, आणि जे समजत नव्हतं ते जुनी पाठ्यपुस्तकं आणि यंत्रांबरोबर येणारी सर्व्हिस मॅन्युअल्स वाचून समजून घेतलं. दवाखान्यांमधल्या विद्युत व्यत्ययाच्या नोंदी ठेवू लागलो ते निव्वळ कुतूहलापोटी. त्या नोंदींतून निघालेला निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. आपल्या कानाला जे ऐकू येतं आणि सोनोग्राफी यंत्राला जे ‘ऐकू’ येतं, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. भिवंडीत सर्वांत जास्त आवाज करणारी वस्तू या बाबतीत बरीचशी निर्दोष आहे. कसलाही आवाज न करणाऱ्या, गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या भिंतींवर, छतांना आणि दारांवर येऊन बसलेल्या वस्तू मात्र तशा नाहीत. हे पटवून द्यायचं तर यंत्र ऐकतं कसं, इथपासून सुरुवात करायला हवी.

यंत्र ऐकतं कसं

१८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिलं, की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. वीज दिली की तोच स्फटिक किंचित आकार बदलतो, हेही लवकरच सिद्ध झालं. पिएर क्युरी यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात या गुणधर्माचा उपयोग पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी केला. पुढे धातूच्या जाड पत्र्यातल्या आतल्या भेगा शोधायला हेच तंत्र कारखान्यांत वापरात आलं. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी ते माणसाच्या पोटाकडे वळवलं. त्यांनी जॉन मॅकव्हिकार आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह लिहिलेला निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज आपण ज्याला सोनोग्राफी म्हणतो तिची सुरुवात साधारण तिथून मानतात.

डॉक्टरांच्या हातातल्या प्रोबमध्ये क्वार्ट्झच्या जागी आता खास बनवलेल्या सिरॅमिकच्या पातळ पट्ट्या असतात, पण तत्त्व तेच. पट्टीला विजेचा क्षणिक झटका दिला की ती थरथरते आणि शरीरात ध्वनिलहर सोडते. ही लहर आपल्या कानाच्या मर्यादेच्या कितीतरी वर, साधारण २ ते १५ मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला वीस लाख ते दीड कोटी कंपनांची असते. मऊ ऊतींमध्ये तिचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरतात. वाटेत जिथे जिथे ऊती बदलते तिथून तिचा थोडा भाग परत फिरतो, पुन्हा त्याच पट्टीवर आदळतो आणि त्याची पुन्हा वीज होते. १ सेंटिमीटर जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद लागतात, १५ सेंटिमीटरला सुमारे २००. किती वेळाने प्रतिध्वनी आला यावरून यंत्र खोली ठरवतं आणि तो किती जोराचा आहे यावरून स्क्रीनवरचा ठिपका किती उजळ काढायचा हे ठरवतं. अशी एक रेघ झाली की शेजारची, मग तिच्या शेजारची. दीडशे-पावणेदोनशे रेघा शेजारी शेजारी मांडल्या की एक चित्र तयार होतं. बीमवर ताण्याचे धागे एकाला एक लागून बसतात तसंच हे; भिवंडीत कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी तेच उदाहरण देतो.

आता मुख्य अडचण. शरीर ध्वनी शोषून घेतं. मऊ ऊतींसाठी व्यवहारात धरला जाणारा आकडा म्हणजे दर सेंटिमीटरला आणि दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल. पोटासाठी ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला आणि १५ सेंटिमीटर खोल पाहायचं ठरवलं, तर जाऊन-येऊन ३० सेंटिमीटर होतात आणि घट होते सुमारे ५२ डेसिबल. साध्या भाषेत, जेवढी ध्वनिशक्ती आत गेली तिचा पावणेदोन लाखांवा हिस्सा उरतो, तोही सगळाच्या सगळा परावर्तित झाला असता तर. प्रत्यक्षात दोन मऊ ऊतींच्या सीमेवरून एक टक्कासुद्धा क्वचितच परत येतो. पाठवताना पट्टीला अनेक दशक व्होल्टचा झटका दिलेला असतो. खोलवरून परतलेला प्रतिध्वनी मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो.

म्हणून यंत्र एक युक्ती करतं. जसजसा वेळ जाईल, म्हणजे जितक्या खोलवरून प्रतिध्वनी येत असेल, तसतसा तो अधिकाधिक मोठा करून घेतं. यंत्राच्या पॅनेलवर एकाखाली एक सरकत्या बटणांची जी रांग असते ती यासाठीच. पण मोठं करताना प्रतिध्वनी कुठला आणि बाहेरून घुसलेली खरखर कुठली हे यंत्राला कळत नाही. दोन्ही सारख्याच मोठ्या होतात. त्यामुळे व्यत्यय स्क्रीनच्या खालच्या भागात, म्हणजे शरीराच्या खोल भागात, अधिक ठळक दिसतो.

माझ्यासारख्या रेडिओवाल्याला इथे ओळखीचं काहीतरी दिसतं. ज्यांनी रेडिओ सिलोन ऐकला आहे त्यांना ४१ मीटरचा बँड आठवत असेल. तो बँड ७.२ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. थायरॉइड किंवा मानेच्या रक्तवाहिन्या तपासायचा प्रोब जवळपास याच वारंवारतेवर चालतो. एक लहर ध्वनीची, दुसरी विद्युतचुंबकीय, पण प्रोबच्या केबलमध्ये शिरल्यावर दोन्ही फक्त वीज असतात आणि त्यांच्यात फरक करायला यंत्राजवळ काही साधन नसतं. सोनोग्राफी यंत्र कॅमेऱ्यापेक्षा शॉर्टवेव्ह रेडिओच्या जवळचं आहे, आणि अतिशय संवेदनशील रेडिओच्या. शॉर्टवेव्हवर जे खरखरतं ते याच्या पडद्यावर दिसतं.

त्यात बिघडतं काय

‘थोड्या रेघा आल्या तर आल्या, निदान तर होतं ना,’ असा प्रश्न मला विचारला जातो. सोनोग्राफीत द्रव पदार्थ काळा दिसतो, कारण त्यातून प्रतिध्वनी येत नाही. पित्ताशयातलं पित्त, मूत्राशयातली लघवी, गर्भाभोवतीचं पाणी, यकृतातली पाण्याची गाठ, हे सगळं काळं. डॉक्टर त्या काळ्या भागात काही आहे का हे पाहत असतात : गाळ, खडा, पडदा, घट्ट भाग. व्यत्ययाची भुरकट रेघ नेमकी या काळ्या भागात उठून दिसते. अनुभवी डॉक्टर ती ओळखतात, पण ती टाळण्यासाठी बहुधा गेन कमी करतात, म्हणजे सगळंच चित्र मंद करतात. मग खरखरीबरोबर खरे, क्षीण प्रतिध्वनीही नाहीसे होतात. डॉप्लरने रक्तप्रवाह तपासताना तर अडचण आणखी वाढते, कारण तिथे शोधायचा संकेत मूळ प्रतिध्वनीपेक्षाही दुबळा असतो.

अशा वेळी प्रामाणिक डॉक्टर एकच गोष्ट करू शकतात : ‘चित्र स्पष्ट आलेलं नाही, पुन्हा या’ किंवा ‘ठाण्याला जाऊन करून घ्या’ असं सांगतात. कांडी भरणाऱ्या, घडी घालणाऱ्या, गोदामात माल बांधणाऱ्या बाईसाठी त्याचा अर्थ एक दिवसाची मजुरी आणि भाडं. पुष्कळ जणी पुन्हा येत नाहीत. म्हणून स्क्रीनवरच्या रेघेचा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

चार साध्या चाचण्या

व्यत्यय शोधायला महागडी उपकरणं लागतातच असं नाही. पहिल्या चार चाचण्या रुग्ण नसताना, डॉक्टर किंवा तंत्रज्ञ यंत्रावर असताना, दहा मिनिटांत होतात.

पहिली : प्रोब पुसून हवेत धरायचा. हवेत ध्वनी जात नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे अगदी वरचा थोडा भाग सोडला तर पडदा काळा व्हायला हवा. तरीही रेघा असतील तर त्या शरीरातून येत नाहीत हे नक्की झालं.

दुसरी : प्रोब यंत्रापासून सोडवायचा किंवा दुसरा निवडायचा. खरखर गेली तर ती प्रोब आणि त्याच्या केबलमार्गे येत होती. राहिली तर ती विजेच्या किंवा अर्थच्या तारेने येते आहे. प्रोबची केबल हातात फिरवून, वेगळ्या दिशेला धरून रेघा कमी-जास्त होतात का हेही पाहायचं. होत असतील तर केबल अँटेनासारखी काम करते आहे.

तिसरी : यंत्राला स्वतःची बॅटरी असेल तर भिंतीतली पिन काढून बॅटरीवर चालवायचं. रेघा गायब झाल्या तर वाट भिंतीतूनच आहे.

चौथी चाचणी मोजणीची, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. चित्र एका क्षणात निघत नाही, डावीकडून उजवीकडे रेघेमागून रेघ असं निघतं. सेकंदाला २५ चित्रं निघत असतील तर एका चित्राला ४० मिलिसेकंद लागतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदात १०० वेळा तिचा दाब शिखरावर जातो, दर १० मिलिसेकंदांनी एकदा. विजेच्या लयीवर चालणारी कुठलीही खरखर याच शिखरांपाशी उसळते. ४० मिलिसेकंदांत अशा ४ उसळ्या होतात, म्हणून चित्रात ४ पट्टे दिसतात. आता खोली वाढवून चित्रांचा वेग सेकंदाला २० वर आणला, तर पट्टे ५ व्हायला हवेत. पट्ट्यांची संख्या गुणिले चित्रांचा वेग, उत्तर दोन्ही वेळा १००. असं जुळलं की उगम सिंगल फेजवर चालणाऱ्या कशात तरी आहे. हाच गुणाकार ३०० आला तर तीन फेजवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हकडे बोट जातं. काहीच जुळलं नाही, सगळा पडदा भुरकट राहिला, तर उगमाचा विजेच्या लयीशी संबंध नाही.

हे पट्टे एका जागी थांबत नाहीत, सावकाश सरकतात. देशाच्या ग्रिडची वारंवारता नेमकी ५० नसते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा मान्य पट्टा आहे. यंत्राचं घड्याळ स्वतंत्र चालतं. दोघांतला तो बारीक फरक पडद्यावर सरकताना दिसतो. नव्या यंत्रांत चित्रं एकमेकांत मिसळून गुळगुळीत करण्याची सोय असते. ती बंद करून, चित्र गोठवून, एकेक चौकट मागे नेत मोजावं लागतं. चित्रांचा वेग बहुधा पडद्याच्या कडेला छापलेलाच असतो.

संशयितांची यादी

आता लूमकडे वळू. साध्या यंत्रमागाला लहानशी इंडक्शन मोटर असते. या मोटरच्या फिरत्या भागाला वीज बाहेरून पोचवावी लागत नाही, ती चुंबकीय प्रेरणेने आतच तयार होते. म्हणून तिच्यात कार्बन ब्रश नाहीत, आणि ब्रश नाहीत म्हणून ठिणग्या नाहीत. धोट्याची खटखट, लाकूड-लोखंडाचा आदळआपट हा सगळा यांत्रिक आवाज. तो काही हजार हर्ट्झच्या आत संपतो, आणि यंत्र ऐकतं लाखो-कोटींच्या घरात. मोटर सुरू किंवा बंद करताना स्विचमध्ये क्षणभर ठिणगी पडते, तेव्हा पडद्यावर एखादी रेघ चमकून जाते, एवढाच तिचा हिस्सा. शेडमधला कटआउट सैल असेल, तारेचा जोड जळलेला असेल, तर मात्र तिथे सतत ठिणगी पडते आणि ती शेजारच्यांना भोवते. तो दोष मागाचा नाही, जोडणीचा आहे. नव्या धोटाविरहित मागांवर वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असतात, त्यांची गोष्ट निराळी.

खरी गर्दी दुसऱ्या बाजूला आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सीसीटीव्हीचे पॉवर सप्लाय, इन्व्हर्टर, यूपीएस, लिफ्टचे ड्राइव्ह, इन्व्हर्टर एसी, या सगळ्यांत एकच तंत्र आहे : वीज सेकंदाला हजारो वेळा तोडायची आणि जोडायची. त्यामुळे वस्तू लहान, हलकी, थंड आणि काटकसरी होते. पण प्रत्येक तोडणी जितकी झटकन होते तितके तिचे उपस्वर वरवर जातात, थेट मेगाहर्ट्झच्या प्रदेशात. चांगल्या बनावटीत ते अडवायला फिल्टर बसवलेला असतो. स्वस्त बनावटीत सर्वांत आधी तोच गाळला जातो, कारण फिल्टर नसला तरी दिवा लागतोच.

भिवंडीत या वस्तू कशा शिरल्या त्यालाही इतिहास आहे. शतकाच्या पहिल्या दशकात राज्यभर भारनियमन होतं. दुकानदार, डॉक्टर, घरमालक सगळ्यांनी इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, यूपीएस जमवले. जानेवारी २००७ मध्ये महावितरणने भिवंडीतल्या वीज वितरणाचं काम फ्रँचायझी पद्धतीने सोपवलं. देशातला हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो. पुढे पुरवठा सुधारत गेला, पण जमवलेली उपकरणं आणि त्यांच्यासाठी घाईघाईने ओढलेल्या तारा जागच्या जागीच राहिल्या. जुन्या इमारतींचं वायरिंग उघडलं की एकावर एक चढवलेले हे थर मला दिसतात.

दवाखान्यांतले संशयित वेगळे मोजावे लागतात. शस्त्रक्रियेतलं विजेचं कॉटरी यंत्र थेट सोनोग्राफीच्याच वारंवारतेच्या शेजारी काम करतं आणि सुरू असेपर्यंत पडदा पांढरा करून टाकतं. फिजिओथेरपीचं शॉर्टवेव्ह डायथर्मी यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतं. वरच्या मजल्यावर पाऊण तास शेक चालू असेल, तर खाली पाऊण तास धुकं. ही दोन्ही ओळखायला सोपी, कारण त्यांच्या वेळा रजिस्टरमध्ये लिहिलेल्या असतात.

एक शोध

आता एका केंद्रातली हकिगत. ते कुठलं हे सांगत नाही, त्याची गरजही नाही. पहिला मजला, मागच्या गल्लीत लूमची शेड, समोर रस्ता. तक्रार : दिवसा चित्र ठीक, संध्याकाळी रेघा. मॅडमचं मत : रात्रपाळीचे माग सुरू झाले की हे होतं.

मी स्वागतकक्षातल्या मुलीला दोन आठवडे फक्त एक काम सांगितलं, रेघा कधी सुरू झाल्या आणि कधी थांबल्या हे वहीत लिहायचं. त्या वहीने अर्धं काम केलं. शुक्रवारी मागच्या गल्लीतले माग बंद असतात, पण शुक्रवारीही रेघा होत्याच. एका संध्याकाळी भागातली वीज गेली. यंत्र यूपीएसवर चालूच होतं, आणि तेवढा वेळ पडदा स्वच्छ होता. म्हणजे उगम यंत्रात नव्हता, यूपीएसमध्ये नव्हता आणि मागांमध्येही नव्हता.

मग चाचण्या. प्रोब हवेत धरला, पट्टे राहिले. प्रोब सोडवला, पट्टे फिके झाले पण राहिले, म्हणजे मुख्य वाट तारेतून. मोजणी केली : २५ ला ४, २० ला ५. सिंगल फेज.

यानंतर मी खिशातला ट्रान्झिस्टर काढला. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी शॉर्टवेव्हवर काटा ठेवायचा आणि चालत सुटायचं, एवढंच. मागच्या गल्लीत शेडच्या दाराशी उभा राहिलो. कानठळ्या बसत होत्या, पण रेडिओ कानाला लावला तर त्यात अधूनमधून एखादी टिकटिक, बाकी शांत. जिन्यात भुणभुण सुरू झाली. मीटरच्या पेटीपाशी वाढली. प्रतीक्षाकक्ष ओलांडून समोरच्या गॅलरीत आलो तेव्हा ती इतकी वाढली की आवाज कमी करावा लागला. गॅलरीच्या कठड्याला बाहेरून केंद्राची स्वतःचीच पाटी लावलेली होती, आतून एलईडीने उजळणारी. अंधार पडला की कुणीतरी तिचा स्विच टाकत असे. एमसीबी पाडला. आतून तंत्रज्ञाची हाक आली, ‘काका, गेले!’

पण ‘गेले’ म्हणजे शोध संपला असं नाही. रस्त्यावर अशा कितीतरी पाट्या होत्या, मग याच पाटीचा त्रास का? उत्तर अर्थच्या तारेत सापडलं. पाटी लावणाऱ्याने तिची हिरवी तार जवळच्या सोयीच्या ठिकाणी, सोनोग्राफीच्या खोलीकडे जाणाऱ्या अर्थला जोडली होती. आणि ती अर्थ खाली जिथे खड्ड्यातल्या पाइपला मिळते, तिथला बोल्ट गंजून जवळपास सुटलेला होता. पाटीतली खरखर जमिनीत जायला निघाली, पण तिथली वाट बंद होती, म्हणून ती दुसऱ्या टोकाला गेली. त्या टोकाला यंत्राची धातूची पेटी होती. मधल्या यूपीएसने काही अडवलं नाही, कारण यूपीएस फेज आणि न्यूट्रल हाताळतो. अर्थची तार त्याच्यातून सरळ पुढे जाते. ‘आम्ही ऑनलाइन यूपीएस घेतला आहे’ या समाधानात ही गोष्ट सहसा निसटते.

दुरुस्ती एकेक पायरीने केली, प्रत्येक पायरीनंतर पडदा पाहून. आधी अर्थचा जोड घासून नवा केला. पट्टे खूपच मंदावले. मग पाटीची तार वेगळी काढली. मग तिचा ड्रायव्हर बदलून फिल्टर असलेला बसवला, पट्टे गेले. शेवटी यंत्राच्या केबलवर फेराइटच्या कड्या चढवल्या, भविष्याची सोय म्हणून. चारही गोष्टी एकदम केल्या असत्या तर रेघा गेल्या असत्या, पण कशाने गेल्या हे कधी कळलं नसतं.

या हकिगतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग रेघांचा नाही. सुटलेली अर्थ ही रुग्णाच्या जिवाशी संबंधित गोष्ट आहे. ओल्या जेलने माखलेल्या पोटावर विजेच्या यंत्राला जोडलेली वस्तू टेकवलेली असते. यंत्रात काही बिघाड झाला तर करंट जमिनीत नेण्यासाठी ती हिरवी तार असते. काही ठिकाणी मी याहून भयंकर उपाय पाहिला आहे : रेघा घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिनच काढून टाकलेली. रेघा कधी कधी खरंच जातात, आणि त्याबरोबर संरक्षणही जातं. वाचकांपैकी कुणाचा दवाखान्याशी संबंध असेल तर ही एक गोष्ट तरी तपासून पाहावी, अशी विनंती आहे.

खोडद आणि भिवंडी

हाच शत्रू महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी फार गांभीर्याने शोधला जातो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राने उभारलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत टिपतात. त्यांनाही विजेच्या तारांवरची ठिणगी छळते. खांबावरचा इन्सुलेटर तडकला, पकड सैल झाली, की दोन धातूंमधल्या बारीक फटीत ठिणगी उडत राहते, आणि तिची ओळखखूण तीच, दर १० मिलिसेकंदांनी एक उसळी. दुर्बिणीच्या संकेतातून अशा उसळ्या वेचून काढण्याचं तंत्र तिथल्या अभियंत्यांनी विकसित केलं आहे.

अशा ठिणग्यांची आणखी एक गंमत आहे. त्या कोरड्या हवेत जोरात असतात आणि पाऊस पडला की बहुधा शांत होतात, कारण ओल फट जोडून टाकते. भिवंडीत एखाद्या केंद्रातल्या रेघा मेमध्ये त्रास देतात आणि जूनमध्ये आपोआप नाहीशा होतात, तेव्हा मी घरात शोधत बसत नाही, बाहेरच्या खांबाकडे पाहतो. त्याच दिवसांत मातीही सर्वांत कोरडी असते आणि अर्थिंग सर्वांत दुबळं. म्हणून अर्थची मोजणी पावसाळ्याआधी करावी.

खोडदची जागा निवडतानाच तिथे रेडिओ गोंगाट कमी आहे हे पाहिलं होतं. सोनोग्राफी केंद्राला जागा निवडण्याची अशी मोकळीक नसते. रुग्ण जिथे आहेत तिथेच त्याला असावं लागतं.

यंत्र हलवता का येत नाही

‘यंत्र दुसरीकडे नेऊन पाहा’ हा सर्वांत सोपा प्रयोग इथे करता येत नाही, आणि त्यामागे सबळ कारण आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८ साली केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार प्रत्येक केंद्र आणि त्यातलं प्रत्येक यंत्र नोंदलेलं असतं. यंत्र किंवा त्याची जागा बदलायची तर अधिकाऱ्यांना आगाऊ कळवावं लागतं. या कायद्यामागे मुलींच्या जिवाचा प्रश्न आहे. माझ्या सोयीसाठी तो सैल व्हावा असं मला कधी वाटलेलं नाही. पण त्यामुळे एक गोष्ट ठरून जाते. यंत्र जागचं हलणार नाही, तेव्हा खरखरीलाच तिच्या घरापर्यंत पाठलाग करून गाठावं लागतं. मीही यंत्राला हात लावत नाही. यंत्रावर डॉक्टर किंवा तंत्रज्ञ, आणि मी रेडिओ घेऊन बाहेर.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. वैद्यकीय उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०६०१-१-२. यंत्राने बाहेर किती खरखर सोडावी आणि बाहेरची किती सोसावी, दोन्ही त्यात ठरवलेलं आहे. तारेतून येणारा १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झचा व्यत्यय ३ व्होल्टपर्यंत सोसण्याची चाचणी त्यात असते. यंत्र बनवणारा ती करून घेतो. पण पाटी लावणारा, लिफ्ट बसवणारा, कॅमेरे जोडणारा, वायरमन, यांपैकी कुणाचंच काम पडद्यावरच्या रेघेशी जोडलेलं नसतं. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलेलं असतं, दिवा लागतो, लिफ्ट चालते. रेघ मात्र डॉक्टरांच्या वाट्याला येते, आणि डॉक्टर खिडकीबाहेर पाहतात तर समोर लूम.

मागवाल्यांवरचा हा आरोप तसा निरुपद्रवी दिसतो, पण तो उत्तर असल्यासारखा वाटतो आणि म्हणून शोध तिथेच थांबतो. लूम हलणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे रेघाही जाणार नाहीत असं धरलं जातं, गेन कमी केला जातो आणि अर्थचा गंजलेला बोल्ट तसाच राहतो. त्यापेक्षा एक वही ठेवावी : तारीख, वेळ, पट्टे किती, चित्रांचा वेग किती, त्या वेळी इमारतीत काय चालू होतं. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी हातात असल्या की चांगला वायरमनसुद्धा अर्ध्या दिवसात उगमापर्यंत पोचतो. बाकी राहिला तर शॉर्टवेव्ह असलेला जुना ट्रान्झिस्टर. तो पुष्कळ घरांच्या माळ्यावर अजून असेल. त्यात स्टेशन लागलं नाही तरी चालेल.